मावशींचे म्हणणे

गेल्या पावसाळ्यात मंगळवार पेठेतल्या एका घरी मी पंधरा दिवसांत चार वेळा गेले. आजोबांचे वय ऐंशीच्या पुढचे. न्हाणीघरात पाय घसरून खुब्याचे हाड मोडले, शस्त्रक्रिया झाली आणि आठव्या दिवशी ते घरी आले. मुलगा बँकेत, सून शाळेत, मुलगी पुण्यात. दिवसभरासाठी एक मावशी ठेवल्या होत्या, सकाळी आठ ते रात्री आठ. करवीर तालुक्यातल्या एका गावाहून त्या केएमटीने येत.

दुसऱ्या भेटीत आजोबांना सर्दी झालेली होती. नाक वाहत होते, थोडा खोकला होता. मी सर्दीच्या गोळ्या लिहून दिल्या. तीन दिवसांनी पुन्हा बोलावणे आले, आजोबा सुस्त आहेत, जेवत नाहीत. मी नाडी पाहिली, रक्तदाब पाहिला, छाती ऐकली, साखर तपासली. ताप नव्हता. सून बोलत होती, मुलगा बोलत होता, पुण्याची मुलगी फोनच्या स्पीकरवरून बोलत होती. मावशी दाराशी उभ्या होत्या. मी निघाले तेव्हा त्या हळूच म्हणाल्या, "डॉक्टरीणबाई, डायपर सारखं वलं हुतंय, पर भरत न्हाई. आन् आजोबा चादर चिमटीत धरून वढत्यात. ह्ये काय बरोबर वाटंना बगा."

मी चपला घालत होते. "वयोमानाने होते मावशी, लक्ष ठेवा," असे म्हणून जिना उतरले.

दोन दिवसांनी रात्री अकराला मुलाचा फोन आला. आजोबा बडबडत होते, कोणाला ओळखत नव्हते, खाटेवरून उतरायला पाहत होते. या वेळी मी पोटाला हात लावला. बेंबीपर्यंत घट्ट गोळा लागत होता. मूत्राशय तुडुंब भरलेले होते. रुग्णालयात नेऊन नळी घातली तेव्हा लिटरभराहून अधिक लघवी निघाली. सर्दीच्या गोळ्या बंद केल्या. तिसऱ्या दिवशी आजोबांनी सुनेला नावाने हाक मारली आणि चहात साखर कमी असल्याची तक्रार केली.

मावशींच्या त्या दोन वाक्यांत पूर्ण निदान होते, हे मला आज लिहितानाही बोचते. प्रोस्टेट वाढलेल्या वृद्धाला लघवी तुंबली की ती थांबतेच असे नाही. भरलेल्या भांड्यातून पाणी सांडावे तशी ती थेंबथेंब गळत राहते. डायपर सारखे ओले दिसते आणि घरच्यांना वाटते की लघवी होते आहे. परंतु एकदाही ते भरून जड होत नाही. हा फरक डायपर बदलणाऱ्या हातालाच कळतो. चादर चिमटीत धरून ओढणे, हवेत काहीतरी वेचल्यासारखे करणे, ही भ्रमावस्थेची फार जुनी ओळखलेली खूण आहे. सर्दीच्या अनेक गोळ्यांत क्लोरफेनिरामीनसारखे औषध असते. तरुणाला त्याने थोडी झोप येते, इतकेच. वृद्धाची मात्र त्याने लघवी अडते, तोंड कोरडे पडते, बद्धकोष्ठ होतो आणि बुद्धीवर मळभ येते. गोळ्या मीच लिहिल्या होत्या. सांगणारी बाई सांगत होती आणि मी चपला घालत होते.

असे का झाले? मी तीस वर्षे व्यवसाय करते आहे आणि "रुग्णाचे ऐकून घ्या" हे उपदेशाचे वाक्य मीही तरुण डॉक्टरांना ऐकवले आहे. त्या खोलीत मी सर्वांचेच ऐकले होते, बँकेतल्या मुलाचे, शाळेतल्या सुनेचे, पुण्याहून येणाऱ्या आवाजाचेही. बारा तास खाटेशी असणाऱ्या एकाच व्यक्तीला मी विचारले नव्हते. तीन भेटी होऊनही तिचे नाव मला ठाऊक नव्हते. आता ठाऊक आहे. त्यांना येथे ते नको आहे, म्हणून देत नाही.

घरात अंथरुणाला खिळलेले माणूस असले की ते घर कामाचे ठिकाण होते. आपण तसे मानत नाही, कारण तेथे हजेरीपट नसतो आणि कोणी साहेब नसतो. परंतु माणसे मोजून पाहा. दिवसाची मावशी, रात्रीचे मामा किंवा ब्रदर, आठवड्यातून तीनदा येणारे फिजिओथेरपिस्ट, औषधे आणणारा मुलगा, स्वयंपाक सांभाळणारी सून, अधूनमधून डोकावणारी माझ्यासारखी डॉक्टर, आणि स्वतः आजोबा. इतकी माणसे एकाच कामावर आहेत आणि एकमेकांशी त्यांची धड ओळखही नाही. कचेरीत असे चालले असते तर आठवड्यात बोंब झाली असती. घरात ते चालते, आणि किंमत रुग्ण मोजतो.

त्या प्रसंगानंतर मी दुसऱ्या घरी जाते तेव्हा एका गोष्टीकडे माझे लक्ष आपोआप जाते. चहा येतो तेव्हा मावशींचा कप कोठून येतो? बहुतेक घरी तो वेगळा असतो. कान तुटलेला, खिडकीत पालथा ठेवलेला. घरची माणसे वाईट नसतात. पगार वेळेवर देतात, दिवाळीला साडी देतात. कप मात्र वेगळा.

कोल्हापूरकराला तरी चहाच्या कपाचा अर्थ समजावून सांगावा लागू नये. गंगाराम कांबळे हे राजर्षी शाहू महाराजांच्या पागेत नोकरीला होते. पाण्याच्या हौदाला शिवल्याच्या कारणावरून बरोबरच्या नोकरांनी त्यांना मारहाण केली. मारणारे परके नव्हते, त्याच पागेत तेच काम करणारे होते. महाराजांनी मारणाऱ्यांना शासन केले आणि गंगारामांना स्वतंत्र धंदा काढण्यास सांगितले. त्यांनी भाऊसिंगजी रोडवर 'सत्यसुधारक' नावाचे चहाचे हॉटेल काढले. गिऱ्हाईक फिरकेना, तेव्हा महाराज स्वतः गाडी थांबवून तेथला चहा पिऊ लागले आणि बरोबरच्यांनाही पाजू लागले. याच महाराजांनी २६ जुलै १९०२ रोजी आपल्या संस्थानातल्या नोकऱ्यांत मागासवर्गीयांसाठी पन्नास टक्के जागा राखून ठेवणारा जाहीरनामा काढला होता. जाहीरनाम्याने माणसाला कामाची जागा मिळते. तेथल्या पाण्याच्या हौदाचे आणि चहाच्या कपाचे काय करायचे, हे बरोबर काम करणाऱ्यांनाच ठरवावे लागते. शाहू जयंतीला दसरा चौकात जाणाऱ्या घरांतही मी तो कान तुटलेला कप पाहिला आहे, म्हणून हे लिहिण्याचे धाडस करते.

आपण म्हणाल, कपाचा आणि लघवी तुंबण्याचा काय संबंध? संबंध असा की ज्या माणसाला घरात दाराशी उभे केले जाते, ते माणूस दाराशी उभे राहूनच बोलते, हळू आणि शेवटी. आपले म्हणणे कोणी मनावर घेत नाही हे दोनदा कळले की तिसऱ्यांदा ते बोलत नाही. पाठीवर लाल चट्टा दिसला तरी "उद्या त्यांचं त्यांना दिसंल" म्हणून गप्प राहते. आणि लाल चट्ट्याची जखम व्हायला फार दिवस लागत नाहीत.

मोठमोठ्या शस्त्रक्रियागृहांतही हेच दुखणे होते. भूल देणाऱ्याला काही खटकते, परिचारिकेला बोळ्यांचा हिशेब जुळत नाहीसा वाटतो, पण मुख्य सर्जनपुढे तोंड उघडत नाही. यावर उपाय म्हणून जागतिक आरोग्य संघटनेने २००८ मध्ये एक साधी तपासणी यादी तयार केली. पहिला छेद घेण्यापूर्वी खोलीतल्या प्रत्येकाने आपले नाव आणि काम मोठ्याने सांगायचे, हे त्या यादीतले एक कलम आहे. नवी दिल्लीसह जगातल्या आठ शहरांतल्या आठ रुग्णालयांत ती वापरून पाहिली गेली. २००९ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध झाले. शस्त्रक्रियेनंतर गंभीर गुंतागुंत होण्याचे प्रमाण अकरा टक्क्यांवरून सात टक्क्यांवर आले होते आणि मृत्यूचे प्रमाण दीड टक्क्यावरून ०.८ टक्क्यावर. पुढे कॅनडाच्या ऑन्टारिओ प्रांतात ही यादी शंभराहून अधिक रुग्णालयांत लागू झाली, तेव्हा मात्र २०१४ च्या अहवालात असा लक्षणीय फरक दिसला नाही. यावर पुष्कळ वाद झाले. मला वाटते ते असे की कागदावर खुणा करणे आणि एकमेकांशी बोलणे या दोन गोष्टी वेगळ्या आहेत. रकाने भरणारे आपण सगळेच आहोत.

तरीही मी घरोघरी एक वही ठेवायला सांगते. शंभर पानी, साधी. त्यात पाणी किती प्यायले, काय खाल्ले, लघवी किती वेळा आणि किती, शौचास कधी झाले, कुशीवर केव्हा वळवले, झोप कशी होती, एवढे लिहायचे. मावशींना लिहिणे जमत नसेल तर रेघा मारू द्या, किंवा संध्याकाळी त्यांनी सांगावे आणि नातवाने लिहावे. शेवटी एक ओळ मोकळी ठेवायची, "आज वेगळे काय वाटले?" माझ्या अनुभवात सर्वांत उपयोगी तीच ओळ ठरते. "आजी आज रडल्या." "घास गालात धरून ठेवतात." "पाणी पिताना ठसका लागतो." यातले शेवटचे वाक्य वाचले की मी अर्धांगवायूच्या रुग्णाचे पातळ पाणी थांबवून आधी गिळण्याची तपासणी करायला सांगते. त्या एका ओळीने न्यूमोनिया टळू शकतो.

आणि पाळी बदलताना दहा मिनिटे दोघांची गाठ पडू द्या. सकाळच्या मावशी आठला येतात आणि रात्रीचे मामा पावणेआठलाच चप्पल घालतात, असे बहुतेक घरी असते. मधल्या पाव तासात रात्री काय घडले ते हरवते. मग साखरेचे इंजेक्शन दिले की नाही यावरून सकाळी घोळ होतो आणि कधी ते दोनदा दिले जाते. दोघांनी रुग्णाच्या खाटेशी उभे राहून, रुग्णाला ऐकू येईल असे बोलावे. आजोबांनाही त्यात भर घालता यावी.

दुसऱ्याचे मत मानणे म्हणजे तो म्हणेल ते करणे, असा अर्थ कोणी काढू नये. त्याच मंगळवार पेठेतल्या घरी नंतरची एक गोष्ट. मावशी म्हणाल्या, "डावा पाय सुजलाय, एरंडेल कोमट करून चोळू का?" सूनबाई घाईने म्हणाल्या, "काही चोळायचे नाही, डॉक्टरांनी सांगितल्याशिवाय हात लावू नका." दोघींचे चेहरे उतरले. मी मावशींना विचारले, सूज एकाच पायाला आहे का? कधीपासून? पोटरी दाबली तर दुखते का? त्यांनी तीनही उत्तरे दिली, आणि ती अचूक होती. खुब्याच्या शस्त्रक्रियेनंतर एकाच पायाला सूज येऊन पोटरी दुखू लागली, तर शिरेत रक्ताची गुठळी असण्याची शक्यता धरावी लागते. असा पाय चोळणे धोक्याचे, कारण गुठळी सुटून फुप्फुसात जाऊ शकते. मी त्यांना हे हाताने दाखवून सांगितले. त्याच दिवशी पायाची सोनोग्राफी झाली. गुठळी होती, औषध सुरू झाले. एरंडेल चुकीचे होते, सूज पाहणारी नजर बरोबर होती. सूनबाईंचा नकार बरोबर होता, पण त्या नकारात प्रश्न नव्हता, त्यामुळे सूज दुसऱ्या दिवसावर गेली असती. नाही म्हणण्यापूर्वी "तुम्हाला असे का वाटले?" एवढे विचारायला अर्धा मिनिट लागतो.

याहून कठीण प्रसंग चोरीच्या आळाचा. स्मृतिभ्रंश झालेल्या आजी सांगतात, "माझी पाटली तिनेच नेली." त्यांच्या डोळ्यांत पाणी असते आणि त्या खोटे बोलत नसतात. त्यांना तसेच वाटत असते. आपण वस्तू कोठे ठेवली याची आठवण पुसली जाते आणि रिकामी जागा मन संशयाने भरून काढते. वस्तू चोरीला गेल्याचा भ्रम या आजारात वारंवार आढळतो आणि आळ बहुधा सर्वांत जवळ वावरणाऱ्यावर येतो, कधी मावशींवर तर कधी सख्ख्या सुनेवर. मी एका घरी पाहिले आहे. मावशींची पिशवी सर्वांदेखत उलटी केली गेली. त्यात एक डबा, फणी आणि बसचे पास निघाले. पाटली नंतर तांदळाच्या डब्यात सापडली. मावशी दुसऱ्या दिवसापासून आल्या नाहीत, आणि आजी महिनाभर त्यांचीच वाट पाहत राहिल्या.

चोरी कधीच होत नाही, असे मी म्हणत नाही. म्हणूनच पहिल्या दिवशीच दागिने लॉकरमध्ये ठेवावेत, घरात काय उरले त्याची यादी मावशींसमोर करून दोघांनी सही करावी. त्यात अपमान नाही, उलट त्यांचेही संरक्षण आहे. आणि आजींना आजार असेल तर तो आजार काय करतो, हे मावशींना आधीच सांगावे. आळ येणार हे ठाऊक असलेले माणूस तो आळ आल्यावर मोडून पडत नाही.

पुण्याहून किंवा परदेशातून येणाऱ्या मुलामुलींविषयीही दोन शब्द. महिन्यातून एकदा येऊन "बाबा किती वाळले, तुम्ही काय करता दिवसभर?" असे विचारणारे अपत्य प्रत्येक घरी असते. अमेरिकेतल्या वैद्यकीय लेखनात याला १९९१ पासून 'कॅलिफोर्नियाहून आलेली मुलगी' असे नावच पडले आहे. कॅलिफोर्नियातले डॉक्टर म्हणे तिला न्यूयॉर्कहून आलेली म्हणतात! या मुलीवर रागावू नका. लांब राहिल्याची टोचणी तिला बोलायला लावते. तिला एखादे काम द्या. औषधांचा हिशेब, विम्याची कागदपत्रे, डॉक्टरांच्या वेळा ठरवणे, हे सारे पुण्यात बसून करता येते. आणि ती येईल तेव्हा दोन दिवस मावशींना सुटी देऊन तिला बापाच्या खाटेशी राहू द्या. तिसऱ्या दिवशी ती मावशींशी वेगळ्या आवाजात बोलते, हे मी पाहिलेले आहे.

आता आजी-आजोबांनो, थोडे आपल्याशी. दुसऱ्याच्या हातून अंग पुसून घ्यायचे, लघवीचे भांडे मागायचे, हे किती जिवावर येते ते मी जाणते. त्या लाजेचा राग होतो आणि तो समोरच्या बाईवर निघतो. आपण तिच्यावर खेकसता, ती मुकाट होते, आणि मग आपल्याला काय हवे-नको ते विचारायचीही तिला धास्ती वाटते. हाच माणूस आपल्याला दिवसातून सहा वेळा कुशीवर वळवणार आहे. तिला नावाने हाक मारा. आपल्या कोणत्या बाजूला दुखते, कोणत्या हाताने उठणे सोपे जाते, हे तिला आपणच शिकवा, कारण ते आपल्याखेरीज कोणालाच ठाऊक नसते.

आणि घरच्यांनो, तिच्या पाठीकडे पाहा. सत्तर किलोंच्या माणसाला एकटीने उचलणे हे सोयीचे वाटले तरी ते तिच्या कण्याचे दुखणे आहे आणि रुग्ण पडण्याचे कारणही. अंगाखाली घडी घातलेली चादर सरकवून दोघांनी दोन बाजूंनी उचलावे. बारा तासांत तिला बसून जेवायला अर्धा तास आणि आठवड्यातून एक दिवस सुटी हवी. माझ्याकडे कंबरदुखीसाठी येणाऱ्या बायकांत दुसऱ्यांचे आईबाप उचलणाऱ्या किती असतात, ते आपल्याला सांगितले तर नवल वाटेल.

त्या रात्रीनंतर मंगळवार पेठेत गेले, तेव्हा मी मावशींना सर्वांसमोर म्हणाले, "तुमचे बरोबर होते. मी ऐकायला हवे होते." त्या संकोचल्या. पदर सारखा करीत म्हणाल्या, "आमाला काय कळतंय म्हना. पर हात रोज आमचाच लागतुय न्हवं."

आजोबा आता वॉकर घेऊन अंगणापर्यंत जातात. मावशींना राजारामपुरीत दुसरे काम मिळाले, एका आजींकडे. गेल्या आठवड्यात तेथून मला बोलावणे आले. मी खोलीत शिरले, घरची मंडळी बोलू लागणार तोच मावशींनी वही माझ्या हातात दिली. शेवटच्या ओळीत नातवाच्या अक्षरात लिहिले होते, "दोन दिवस आजी उजव्या हाताने घास घेत नाहीत. मावशी म्हणतात, डॉक्टरांनी हे आधी बघावे."

मी पिशवी खाली ठेवली आणि खुर्ची मावशींच्या जवळ ओढली.